जांघेतील न दुखणारी जखम आणि ताप : दवाखान्यात केव्हा जावे?

खरीप हंगामाच्या उत्तरार्धात निंदणी, गवतकापणी आणि काढणीची कामे एकाच वेळी सुरू असतात. या दिवसांत ताप आला की तो मलेरिया, डेंग्यू किंवा पावसात भिजल्यामुळे आलेला ताप असावा, असा आपला पहिला अंदाज असतो. परंतु तापाबरोबर जांघेत, काखेत किंवा कमरेच्या नाडीखाली एखादी लहान, न दुखणारी जखम असेल, तर स्क्रब टायफस या रोगाची शंका घेणे आवश्यक आहे. वेळीच योग्य प्रतिजैविक मिळाल्यास हा रोग पूर्ण बरा होतो, मात्र उशीर झाल्यास तो जीवघेणा ठरू शकतो. जखम दुखत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही आणि लक्ष गेले तरी संकोचामुळे ती दाखवली जात नाही. निदानास विलंब होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

वाहक कोण?

हा रोग ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होतो. भारतात त्याचा प्रसार मुख्यत्वे लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स या कोळ्याच्या सहा पायांच्या पिल्लांमार्फत होतो. या पिल्लांना चिगर म्हणतात. वांगी किंवा भेंडीवर आढळणारा लाल कोळी आणि जनावरांवरील गोचीड यांचा या रोगाशी संबंध नाही.

चिगर साधारण ०.२ मिलिमीटर लांबीचा, नारिंगी-लाल रंगाचा असून नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. उंदीर व चिचुंद्री हे त्याचे नेहमीचे यजमान, माणूस अपघाताने सापडतो. पुढील अवस्थांतील कोळी जमिनीत राहून कीटकांची अंडी व इतर सूक्ष्म जीव खातात आणि माणसाला चावत नाहीत. रोगजंतू मादीकडून अंड्यांमार्फत पुढील पिढीत जात असल्याने कोळी हाच रोगाचा साठाही असतो. त्यांची वस्ती सर्वत्र सारखी नसते. एका बांधावर ते भरपूर, तर शेजारच्या बांधावर अजिबात नाहीत, असेही आढळते.

हिमालयाच्या पायथ्यापासून तमिळनाडूपर्यंत हा रोग आढळतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत त्याचे रुग्ण आढळले आणि काहींचा मृत्यूही झाला. उत्तर प्रदेशातील गोरखपूर परिसरात मुलांना होणाऱ्या मेंदूज्वराचे हे एक प्रमुख कारण असल्याचे गेल्या दशकातील संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

जांघच का?

गवताच्या पात्यावरून अंगावर आलेला चिगर कपडा घट्ट बसलेली किंवा त्वचा पातळ व ओलसर असलेली जागा मिळेपर्यंत चालत राहतो. जांघ, जननेंद्रियांचा भाग, काख आणि स्तनांखालील घडी या जागा त्याला सोयीच्या असतात. तो रक्त शोषत नाही. लाळेने त्वचेच्या पेशी विरघळवून तो द्रव घेतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. चावा सहसा जाणवतही नाही.

चावल्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांनी ताप येतो. चाव्याच्या जागी मध्ये काळी खपली व भोवती लाल कडा अशी, विडीच्या चटक्यासारखी खूण दिसते. जांघेसारख्या घामट जागी मात्र खपली धरेलच असे नाही. तेथे फिकट तळाचा उथळ व्रण दिसू शकतो. जवळची गाठही सुजते. जांघेत अवधाण आले की आपण पायाला काटा लागला असेल असे समजतो. पायावर जखम नसेल आणि ताप असेल, तर जांघ व गुह्यभाग नीट तपासावा. अनेक रुग्णांत खूण सापडतच नाही. त्यामुळे ती नाही म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढू नये.

दवाखान्यात केव्हा जावे?

*त्याच दिवशी जावे :*
• ताप आणि वर वर्णिलेली जखम किंवा अवधाण एकत्र आढळल्यास
• गवतात, झुडपांत काम केल्यानंतर तीन आठवड्यांत तीव्र डोकेदुखी व अंगदुखीसह ताप आल्यास
• गर्भवती किंवा लहान मुलाला असा ताप आल्यास

*क्षणाचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात जावे (१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी) :*
• धाप लागणे, बरळणे, गुंगी किंवा झटके येणे
• लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, सतत उलट्या किंवा रक्तस्राव होणे

गंभीर गुंतागुंत बहुधा तापाच्या दुसऱ्या आठवड्यात उद्भवते. त्यामुळे पहिला आठवडा हाच उपचाराचा खरा काळ होय.

जनावराची लाथ किंवा शिंग जांघेत लागणे ही वेगळी बाब आहे. वृषणात तीव्र वेदना वा सूज, लघवीत रक्त किंवा न थांबणारा रक्तस्राव असल्यास ताप येण्याची वाट पाहू नये. काही तासांचा उशीरही अवयव गमावण्यास कारणीभूत ठरू शकतो.

डॉक्टरांना काय सांगावे?

ताप कधीपासून आहे, गेल्या तीन आठवड्यांत कोणत्या गवताळ जागी काम केले आणि जखम कोठे आहे, हे न विचारताच सांगावे. डॉक्सिसायक्लिन व अॅझिथ्रोमायसिन ही या रोगावरील मुख्य औषधे आहेत. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातील नेहमीची प्रतिजैविके येथे निरुपयोगी ठरतात. म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या घेण्यात मोलाचे दिवस वाया जातात. रक्तातील प्रतिपिंडे पहिल्या काही दिवसांत तपासणीत दिसत नाहीत. त्यामुळे अहवालाची वाट न पाहता डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करू शकतात. योग्य औषधाने ताप बहुधा ४८ तासांत उतरू लागतो, तरीही औषधाचा क्रम पूर्ण करावा.

प्रतिबंध

• पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ घालावी, पायघोळीची टोके मोज्यांत खोचावीत.
• विश्रांतीसाठी गवतावर थेट बसू नये. कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत. उघड्यावर शौचास जाणे टाळावे.
• घरी येताच साबण लावून, जांघ व काख चोळून अंघोळ करावी. कामाचे कपडे गरम पाण्यात धुवावेत.
• घर व गोठ्याभोवतीचे गवत, तण आणि काडीकचऱ्याचे ढीग हटवावेत.
• त्वचेसाठी मान्यताप्राप्त डास-प्रतिबंधक मलम वापरता येते. पिकावरील कोळीनाशक किंवा कीटकनाशक अंगावर वा कपड्यांवर कधीही फवारू नये. जांघेची त्वचा असे विष इतर भागांपेक्षा कितीतरी अधिक वेगाने शोषते.

या रोगावर लस उपलब्ध नाही. तो रुग्णाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळातील शिवारफेरी व शेतीशाळेत या विषयासाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत. निंदणीच्या कामात महिलांची संख्या मोठी असते. त्यांच्याशी आशा सेविकेमार्फत स्वतंत्र बोलणे करावे. तापाने कामावर न आलेल्या मजुराला "अंगावर कुठे काळी खपली किंवा व्रण आहे का, झाकलेल्या जागी पाहिले का?" एवढे जरूर विचारावे आणि त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.