सही करा काका, फॉर्मॅलिटी आहे

पहिला हप्ता कापल्याचा मेसेज आला तेव्हा मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. ३६,६०३ रुपये. माझ्या डोक्यात पक्का बसलेला आकडा होता ३५,३४८. चाळीस लाख, पावणेनऊ टक्के, वीस वर्षं, म्हणजे लाखाला ८८३ रुपये ७१ पैसे. हा हिशेब मी बँकेत पाऊल टाकण्याआधी तीनदा केलेला होता.

फरक निघाला १,२५५ रुपयांचा. कॅन्टीनच्या बिलामागेच १,२५५ ला ८८३.७१ ने भागलं. उत्तर आलं १.४२. चहा तसाच राहिला. बँकेने मला चाळीस लाख दिलेच नव्हते, एक्केचाळीस लाख बेचाळीस हजार दिले होते. त्यातले एक लाख बेचाळीस हजार माझ्या डोळ्यांसमोरून कुठे गेले, तेच मला कळलं नव्हतं.

मी हिशेबनीस आहे. सव्वीस वर्षं लोकांची बिलं अडवण्याचा पगार घेतो. त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. पण आमच्या ओळखीतल्या एकाने परवा तोंडावर म्हटलं, ‘वाचल्याशिवाय सही केलीस, मग चूक कोणाची?’ त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे लिहितोय.

सहीचा दिवस शुक्रवार होता. बिल्डरने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती, आणि हे बँकेतल्या त्या पोराला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पोरगाच म्हणतो, सव्वीस-सत्तावीसचा असेल. त्याने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. जिथे सही करायची तिथे आधीच पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. पान उलटायचं कामही तोच करत होता, मी फक्त पेन चालवायचं. मध्ये एका पानावर ‘विमा’ हा शब्द दिसला म्हणून मी हात थांबवला. तो हसून म्हणाला, “सही करा काका, फॉर्मॅलिटी आहे. सगळेच घेतात. नाहीतर फाइल परत मुंबईला जाईल.” मुंबईचं नाव निघालं आणि मला सोमवार दिसला. ही शेजारी बसली होती, तिने माझ्या कोपराला हात लावला. मी सही केली.

तो कागद होता बँकेच्याच भावकीतल्या विमा कंपनीचा. एकरकमी हप्ता १,४२,००० रुपये, कर्जात मिळवलेला. म्हणजे त्यावरही पावणेनऊ टक्के, वीस वर्षं. १,२५५ गुणिले २४० करून बघा, तीन लाखांच्या वर जातं.

हप्ता कापल्याच्या दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. पोरगा आता ‘काका’ म्हणत नव्हता, ‘सर’ म्हणत होता. “सर, हा ऐच्छिक आहे, तुम्ही संमती दिलीय.” सहीच्या दिवशी जी फॉर्मॅलिटी होती, ती महिन्याभरात माझी इच्छा झाली! विमा परत करतो म्हटल्यावर त्याने ‘मुदत संपली’ एवढंच सांगितलं. घरी येऊन विम्याचं प्रमाणपत्र शोधलं, तर ते ईमेलच्या ‘प्रमोशन’च्या कप्प्यात पडलेलं होतं. मिळाल्यापासून तीस दिवसांत परत करायची सोय त्यात छापलेली, आणि माझा होता चौतिसावा दिवस. पहिला हप्ता कापला जाईपर्यंत ही मुदत उलटते, हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल मानावं.

मग मी नियम वाचायला बसलो. हे काम आधी करायला हवं होतं, मान्य. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला एक परिपत्रक काढलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे केएफएस, देणं त्यात सक्तीचं केलं. त्यात व्याजदराखेरीज एपीआर नावाचा आकडा असतो. व्याज आणि कर्जासोबत येणारे सगळे आकार मिळून वर्षाला कर्ज खरोखर किती टक्क्यांनी पडतं, ते तो सांगतो. विमा, वकील अशा तिसऱ्यासाठी बँक तुमच्याकडून जे पैसे घेते, तेही एपीआरमध्ये धरायचे, वेगळे दाखवायचे, आणि प्रत्यक्ष खर्चाएवढेच घेऊन पावती द्यायची, असं परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय.

माझ्या केएफएसवर एपीआर होता ८.८१ टक्के. प्रोसेसिंग फी जीएसटीसह ११,८००, वकील आणि मूल्यांकन ५,९००, सरसाय या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंदणी ५९०, एवढेच धरलेले. विमा गायब. तो धरून मी स्वतः आकडा काढला तर आला ९.३० टक्के. शेजारच्या बँकेने मला नऊ टक्के सांगितले म्हणून मी तिला नाही म्हटलं होतं. अजूनही रात्री हे आठवलं की उठून पाणी प्यावं लागतं.

माझा मेहुणा न्यू जर्सीत असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. अमेरिकेत कर्जाच्या खर्चाची व्याख्या करणारा कायदा १९६८ पासून आहे. तिथे ‘फायनान्स चार्ज’मध्ये काय धरायचं आणि काय नाही, याची लांबलचक यादी असते. विमा सक्तीचा नाही असं लेखी सांगून, त्याचा खर्च दाखवून, गिऱ्हाइकाने तो मागितल्याची सही घेतली की तिथे तो फायनान्स चार्जच्या बाहेर ठेवता येतो. म्हणजे ‘ऐच्छिक’ या शब्दाची किंमत तिकडच्या सावकारांनाही कळलेली आहे. आपल्याकडच्या परिपत्रकात मात्र बँकेमार्फत वसूल होणारा विमा आकारात धरायला सांगितलाय, एवढं लक्षात ठेवा.

आता तुम्ही काय करायचं ते. वाचल्याशिवाय सही करू नका, हे सगळेच सांगतात आणि कोणीच पाळत नाही, म्हणून मी नेमकं सांगतो. केएफएससोबत एपीआर कसा काढला त्याचा तक्ता जोडलेला असतो. त्यात हातात पडणाऱ्या निव्वळ रकमेची ओळ बघा. माझ्या तक्त्यात ४१,२३,७१० होते. बिल्डरला गेले ४०,००,०००, आणि फी, वकील, नोंदणी मिळून झालेले १८,२९० मी माझ्या खिशातून भरले होते. ही एक ओळ बिल्डरच्या पावतीशी ताडली असती तर हे सगळं तिथेच उघडं पडलं असतं.

केएफएस सहीच्या आधी मागा. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जाला तो किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असावा लागतो, म्हणजे घरी नेऊन विचार करायला वेळ मिळतो. मला तो कराराच्या गठ्ठ्यातच, एकाच बैठकीत मिळाला. तो तुम्हाला समजेल अशा भाषेत असायला हवा. मी नंतर मराठी प्रत मागितली तर उत्तर आलं, “मराठीत कोण मागतं?” तुम्ही मागा.

केएफएसवर नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत कधीही लावता येत नाही. म्हणूनच ते संमतीच्या कागदासाठी इतके धडपडतात. विम्याचा कागद आला की त्यावर ‘नको’ असं आपल्या हाताने लिहून सही करा. मोकळी जागा सोडू नका. कर्जाला विमा असावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण तो स्वतंत्र मुदत विमा घ्या, वर्षाच्या वर्षाला हप्ता भरा, कर्जात मिळवू देऊ नका. कायद्याने असा विमा सक्तीचा नाही, आणि बँकेचाच घेतला पाहिजे असंही नाही.

बारीक आकारही सोडू नका. सरसायची खरी फी पाच लाखांवरच्या कर्जाला १०० रुपये, वर जीएसटी, म्हणजे ११८. माझ्याकडून ५९० घेतले होते. मूल्यांकनाला आलेला माणूस जिन्यातूनच घर बघून गेला. त्या ५,९०० ची पावती मी दोनदा लेखी मागितली आहे.

तक्रार आधी बँकेकडेच करावी लागते, तीही लेखी. तोंडी बोलणं कोणी ऐकत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत. बँकेचं मला आलेलं उत्तर दीड पानाचं होतं. त्यात ‘आपण स्वखुशीने’ हे शब्द तीन वेळा होते.

सरसायचे जादा घेतलेले ४७२ रुपये परत जमा झाले. विम्याची तक्रार लोकपालाकडे आहे, संकेतस्थळावर ‘प्रक्रियेत’ दिसते. परवा ५ तारखेला सातवा हप्ता गेला, ३६,६०३ रुपये.