औषधी भूमी आणि वालुकामय पोयटा

सुश्रुताचार्यांनी भूमिप्रविभाग सांगताना वाळूने व्यापलेली आणि क्षारयुक्त भूमी औषधिग्रहणास वर्ज्य मानली आहे. मग मालवण किनाऱ्यावरील वनस्पती सरसकट त्याज्य समजाव्यात काय? येथे भेद ध्यानात घ्यावा. पुळणीची निव्वळ वाळू ओलावा व पोषक द्रव्ये धरून ठेवीत नाही. याउलट राईतील वालुकामय पोयट्यात पालापाचोळा कुजून मिसळलेला असतो. पाण्याचा निचरा होऊनही ओल टिकते आणि शतावरीची मुळे सहसा न तुटता निघतात. ओल्या पोयट्याचा मुठीत गोळा होतो, परंतु लांब वळी होत नाही. वाळूचा गोळाही टिकत नाही. म्हणून औषधालयचालकांनी खरेदीच्या नोंदीत गावासोबत भूमीचा प्रकारही अवश्य लिहावा.