खडकवासल्याच्या परसबागेतील वेली गुलाब

परदेशी रोपवाटिकांच्या सूचिपत्रांत काही वेली गुलाबांपुढे 'कडाक्याची थंडी सोसणारा' अशी शिफारस असते. जर्मनीतील विल्हेल्म कोर्डेस यांच्या गुलाबांपासून कॅनडाच्या शासकीय कृषिसंशोधकांनी सिद्ध केलेले 'जॉन कॅबट' (१९७८) व 'विल्यम बॅफिन' (१९८३) हे या प्रकारचे गुलाब होत. पारा शून्याखाली तीस अंशांवर उतरणाऱ्या प्रदेशासाठी ते निर्माण झाले. मुठाकाठच्या खडकवासल्यात त्या गुणासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये बहुधा काचघरात जपावा लागणारा 'मारेशाल नील' (१८६४) हा पिवळा, सुगंधी वेली गुलाब उष्ण हवेत उघड्यावर फुलतो. डॉ. बी. पी. पाल यांनी तयार केलेला 'दिल्ली व्हाइट पर्ल' हा तर आपल्याच देशातील वेली गुलाब आहे.

खडकवासल्यात खरी कसोटी असते ती पावसाळ्याची. पाने दीर्घकाळ ओली राहिली की त्यांवर काळे ठिपके पडतात व पानगळ होते. म्हणून सकाळचे ऊन मिळेल अशी मोकळी जागा निवडावी. काळ्या जमिनीत पाणी साचते. तेथे दोन फूट खोल खड्डा घेऊन माती, मुरूम व कुजलेले शेणखत भरावे आणि वाफा जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा.

फुले न येण्याची तक्रार मात्र बहुधा कात्रीमुळे उद्भवते. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात झुडपी गुलाबांची छाटणी होते, त्याच उत्साहात वेली गुलाबही गुडघाभर उंचीवर कापला जातो. वेली गुलाबाची बहुतेक फुले जुन्या लांब फांद्यांवरील आखूड उपफांद्यांना येतात. फांदीच गेली की बहरही गेला. पहिली दोन वर्षे केवळ वाळलेले व रोगट भाग काढावेत. पुढे वर्षाकाठी एखादी जीर्ण फांदी बुडापासून काढून नवीला जागा द्यावी आणि फुलून गेलेल्या उपफांद्या दोन-तीन डोळे राखून कापाव्यात. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातींची छाटणी बहर ओसरल्यावरच करावी.

गुलाबाला खऱ्या वेलीसारखे ताणे नसतात, त्यामुळे फांद्या सुतळीने सैल बांधाव्या लागतात. उभ्या फांदीत शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच फांदी कुंपणावर आडवी बांधली की सर्व डोळे फुटू लागतात. शाळेच्या कुंपणावर एक फांदी उभी व दुसरी आडवी बांधून विद्यार्थ्यांना फुले मोजावयास लावल्यास वनस्पतिशास्त्राचा हा पाठ फळ्याविना शिकविता येईल.

डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघणारी खुंटाची फूट मुळाजवळून ओढून काढावी. सात पर्णिकांचे पान म्हणजे खुंटाची फूट, हा समज भरवशाचा नाही. अनेक वेली गुलाबांची स्वतःची पानेही सात पर्णिकांचीच असतात. फूट कोठून निघाली, हे माती उकरून पाहिल्याखेरीज तिला हात लावू नये.