सावलींतील रंगीत अळू व त्याची झोंप

घराच्या उत्तरेकडील पडवींत किंवा आंब्याच्या दाट छायेखालीं शोभेचें कोणतेंच झाड नीट वाढत नाहीं, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. अशा जागेस रंगीत अळू फार उपयोगी पडतें. ह्यास इंग्रजींत कॅलेडियम म्हणतात. हें कंदापासून वर्षानुवर्षें फुटणारें बहुवार्षिक झाड असून त्याचें मूळ स्थान दक्षिण अमेरिकेंतील उष्ण व दमट अरण्यें होय. मोठ्या वृक्षांखालीं वाढण्याची संवय असल्यामुळें दुपारचें कडक ऊन त्यास सोसत नाहीं, पानें करपतात. पांढरीं, गुलाबी व तांबडीं चित्रविचित्र पानें हीच त्याची शोभा. फुलाचा दांडा आल्यास तो खुडावा, म्हणजे कंदास जोर राहतो.

लागवड : मेअखेर किंवा मृगाच्या सुमारास कंद लावावेत. दोन भाग माती, एक भाग कुजलेल्या पाल्याचें खत व थोडी वाळू मिसळून कुंडी भरावी. बुडाशीं भोंक ठेवून त्यावर खापऱ्या घालाव्यात. डोळा वर करून कंद सुमारें दोन इंच खोल पुरावा. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानें द्यावें. पुढें माती नेहमीं ओलसर ठेवावी, परंतु पाणी सांचूं देऊं नये.

झोंप : ह्या बाबतींत आम्हीं केलेली चूक सांगणें अवश्य वाटतें. महसूल खात्यांतील कारकुनींतून निवृत्त झाल्यावर आम्हीं पडवींत सहा कुंड्या लावल्या. दिवाळीनंतर पानें पिवळीं पडून लोळूं लागलीं. झाडास पाणी कमी पडलें ह्या समजुतीनें आम्हीं दोन्ही वेळां पाणी घातलें. परिणामीं पांच कुंड्यांतील कंद कुजून त्यांचा लगदा झाला. सहावी कुंडी मेली असें समजून गोठ्याच्या कोपऱ्यांत टाकून दिली होती. तिला थेंबभर पाणी मिळालें नाहीं आणि वैशाखाच्या अखेरीस तिच्यांतून कोंब वर आला!

तात्पर्य, थंडींत पानें झडणें हा रोग नव्हे, ती झाडाची विश्रांति होय. पानें लोळूं लागतांच पाणी हळूहळू कमी करून पुढें अजिबात बंद करावें. कंद कोरड्या कुंडींतच ठेवावेत, किंवा काढून, सावलींत सुकवून, कोरड्या वाळूंत उबदार जागीं ठेवावेत. कुंडीवर तारखेची चिठ्ठी लावावी, म्हणजे घरांतील कोणी ती रिकामी समजून ओतणार नाहीं.

वाढ : लावणीच्या वेळीं मोठ्या कंदाचे तुकडे करतां येतात. प्रत्येक तुकड्यास निदान एक डोळा असावा. कापलेल्या जागीं कोळशाची पूड लावून एक-दोन दिवस सुकूं द्यावें व मग लावावें.

सावधगिरी : हें अळू खाण्याचें नव्हे. त्याच्या सर्व भागांत ऑक्झलेटाचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांनीं तोंडाची आग होऊन जीभ व घसा सुजतो. चिंच घालून शिजवावें म्हणजे चालेल, असें कोणीं मानूं नये. भाजीच्या अळूच्या वाफ्यालगत तें कदापि लावूं नये. मुलें व गुरें ह्यांच्यापासूनहि दूर ठेवावें.

एवढें पथ्य पाळल्यास एकदां आणलेला कंद पुष्कळ वर्षें पडवीची शोभा वाढवील. मात्र पानें गळालेली कुंडी उकिरड्यावर टाकण्यापूर्वीं वाचकांनीं बोटानें माती उकरून कंद चाचपावा. तो टणक लागल्यास झाड जिवंत आहे असें निश्चित समजावें.