घरदुरुस्तीचे कर्ज आणि व्याजाचा हिशेब

शेतकऱ्याचे घर हे केवळ राहण्याचे ठिकाण नव्हे. धान्य, बियाणे, खते व अवजारे त्याच छपराखाली ठेवावी लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी गुरेही तेथेच बांधली जातात. छप्पर गळू लागले की पोत्यातील धान्यास ओल लागते, त्यावर बुरशी धरते आणि पुढील हंगामाच्या बियाण्याची उगवणशक्ती घटते. म्हणून घराची दुरुस्ती हा शेतीच्या खर्चाचाच एक भाग समजला पाहिजे. तथापि अल्प उत्पन्नाची कुटुंबे हे काम वर्षानुवर्षे लांबणीवर टाकतात आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला म्हणजे मिळेल त्या व्याजाने पैसे उचलतात. त्यांचे खरे नुकसान येथेच होते.

कोणती दुरुस्ती आधी करावी

कर्जाचा पैसा प्रथम छपरास, नंतर भिंतींस व पायास आणि सर्वांत शेवटी गिलावा व रंग यांस लावावा. फुटलेली कौले, वाळवीने खाल्लेले वासे व खचलेले आढे यांची दुरुस्ती वेळीच केली तर खर्च थोडा येतो. पाणी भिंतीत मुरू लागल्यावर तोच खर्च अनेक पटींनी वाढतो. चौथऱ्याभोवती पाणी साचू नये म्हणून चर काढण्यास मजुरीखेरीज फारसा खर्च नाही.

मराठवाड्यातील माळवदाच्या घरांविषयी विशेष दक्षता घ्यावी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व मातीचे जड धाबे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. गळती थांबविण्यासाठी दरवर्षी धाब्यावर मातीचा नवा थर चढविण्याची रीत धोक्याची आहे. जुनी माती काढून थर कमी करावा, भिंतीच्या दोन्ही बाजूंस सांधणारे आरपार दगड बसवावेत आणि खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे आधार द्यावेत.

कर्ज कोठे मिळू शकते

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ही २०१६ साली सुरू झालेली योजना बेघर व कच्च्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांस नवीन घर बांधण्यासाठी आहे. ज्यांचे घर पक्के परंतु नादुरुस्त आहे, त्यांनी तिच्यावर विसंबून राहू नये. त्यांना पुढील मार्ग पाहता येतील.

१. महिला बचत गट : राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखालील, म्हणजे आपल्याकडील ‘उमेद’च्या, गटांस बँक जे कर्ज देते, ते सभासदांना घराच्या बांधकामासाठी किंवा दुरुस्तीसाठीही वापरता येते. ही गोष्ट अनेक गटांस ठाऊक नसते. २०२२-२३ या वर्षापासून अशा गटांस ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ७ टक्के दराने देण्याचे धोरण ठरले. मात्र गट आपल्या सभासदांकडून याहून अधिक दर घेऊ शकतो. तो दर सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावा.

२. विभेदी व्याजदर योजना : १९७२ पासूनच्या या योजनेत बँका अत्यंत दुर्बल घटकांस ४ टक्के दराने कर्ज देतात. २००७ साली घरासाठी २०,००० रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली. उत्पन्नाची अट कडक असल्याने थोडीच कुटुंबे पात्र ठरतात. चालू मर्यादा कोणत्या आहेत आणि दुरुस्तीस हे कर्ज मिळेल काय, हे शाखेत विचारून घ्यावे.

३. बँका व सहकारी पतसंस्था : यांची दुरुस्ती कर्जे असतात, परंतु दर निरनिराळे असल्याने दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी.

व्याजाचा हिशेब

समजा, एका कुटुंबाने २०,००० रुपये कर्ज घेतले आणि दरवर्षी मुद्दलापैकी ४,००० रुपये याप्रमाणे पाच वर्षांत ते फेडले. शिल्लक मुद्दलावर आकारणी झाल्यास पाच वर्षांचे एकूण व्याज असे होईल :

दर ४ टक्के – २,४०० रुपये
दर ७ टक्के – ४,२०० रुपये
दर १२ टक्के – ७,२०० रुपये
दरमहा शेकडा ३ रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के – २१,६०० रुपये

शेवटच्या प्रकारात व्याज मुद्दलाहून अधिक होते. ‘शेकडा तीन’ हे शब्द कानास हलके वाटतात म्हणूनच फसवे आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दराइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे व्याज कोणत्या रकमेवर आकारले जाते. वरील कर्जावर १२ टक्के व्याज पाचही वर्षे मूळ २०,००० रुपयांवरच धरले, तर ते १२,००० रुपये होते. दर तोच, परंतु ४,८०० रुपये अधिक द्यावे लागतात. म्हणून ‘दर किती’ या प्रश्नाबरोबर ‘व्याज शिल्लक मुद्दलावर की मूळ रकमेवर’ हा प्रश्न अवश्य विचारावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी वैयक्तिक कर्जदारास त्याला समजणाऱ्या भाषेत मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो हे लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. पतसंस्थेकडूनही असा हिशेब लिहून मागावा.

कागदपत्रे व परतफेड

गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा व घरपट्टीची पावती सामान्यतः मागितली जाते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावांची मोजणी पूर्ण झाली आहे, तेथे मिळकत पत्रिका मिळवून ठेवावी. घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे राहिले असल्यास वारसनोंद आधी करावी. बहुतेक अर्ज येथेच अडतात.

हप्ता ठरविताना पीक विकून पैसा हाती येण्याचा काळ पाहावा. ज्याच्याकडे दुधाचे किंवा मजुरीचे नियमित उत्पन्न आहे, त्यास मासिक हप्ता सोयीचा पडतो. इतरांनी सुगीनंतरचा हप्ता मागावा. पीककर्ज दुरुस्तीकडे वळवू नये, कारण मग खते-बियाण्यांसाठी पुन्हा महागडे कर्ज काढावे लागते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीनंतर घरोघरी फिरून दुरुस्तीची यादी करावी. गवंडी व सुतार यांच्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा. कागदपत्रे माघ महिन्यापर्यंत पुरी करून अर्ज द्यावेत, म्हणजे मंजुरी मिळून वैशाखात छपराचे काम उरकता येईल. वरील हिशेब गटाच्या सभेत फळ्यावर मांडून दाखवावा. जे कर्ज सवडीने, चार ठिकाणी विचारून घेतले जाते ते स्वस्त पडते. पहिला पाऊस पडल्यावर घेतलेले कर्ज नेहमीच महाग पडते.