शहराचे सांडपाणी, सूक्ष्मपटले आणि शेतजमीन

शहरातून वाहून येणारे सांडपाणी हे शेतीस बारमाही मिळणारे पाणी होय. त्यात नत्र व स्फुरद असल्यामुळे पिके जोमाने वाढतात. परंतु त्याच पाण्यातून रोगजंतू, कृमींची अंडी व विरघळलेले क्षारही शेतात येतात. क्षारांचा अपाय तर काही वर्षांनी, जमीन बिघडू लागल्यावरच ध्यानात येतो. म्हणून सांडपाणी शुद्ध करण्याच्या पटलपद्धतीची माहिती शेतकऱ्यांस असणे अगत्याचे आहे.

पटलांचे दोन प्रकार

प्रथम सांडपाण्यातील गाळ बसवून घेतात व सेंद्रिय द्रव्यांचे जीवाणूंकडून विघटन करवितात. नंतर ते पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळतात. ही छिद्रे एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतात. त्यामुळे कृमींची अंडी व जीवाणू अडतात आणि बहुतेक विषाणूही मागे राहतात. मात्र सरबत गाळताना साखर जशी फडक्यातून निघून जाते, तसे विरघळलेले क्षार या पटलातून निघून जातात.

क्षार काढण्यासाठी दुसरे, अधिक घट्ट पटल लागते. त्यावर पंपाने मोठा दाब दिला असता पाणी पलीकडे जाते व बहुतेक क्षार अलीकडे राहतात. यास व्यस्त परासरण म्हणतात. घरगुती यंत्रांमुळे ते ‘आर. ओ.’ या नावाने परिचित आहे.

कुवेतचे उदाहरण

कुवेतमध्ये बारमाही नदी नाही व पाऊसही अत्यल्प आहे. तेथे सुलैबिया येथील केंद्र २००४-०५ च्या सुमारास सुरू झाले. त्याची मूळ क्षमता दररोज ३,७५,००० घनमीटर असून त्यात दोन्ही प्रकारची पटले वापरली आहेत. शुद्ध केलेले पाणी शेतीस दिले जाते.

क्षारांचा हिशेब

एका हेक्टरास वर्षाकाठी ५,००० घनमीटर पाणी दिले व त्यात दर लिटरास १,२०० मिलिग्रॅम क्षार असले, तर जमिनीत ६ टन क्षार पडतात. हेच प्रमाण १०० मिलिग्रॅमवर आणल्यास केवळ ५०० किलो पडतात. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत हा फरक जमीन टिकण्याचा की चोपण होण्याचा ठरू शकतो.

पद्धतीच्या मर्यादा

दाबासाठी वीज पुष्कळ लागते व पटले वरचेवर धुवावी लागतात. शंभर लिटरांतून पंचाऐंशी लिटर शुद्ध पाणी मिळाले, तर उरलेल्या पंधरा लिटरांत क्षार सहापटींहून अधिक दाट होतात. ते पाणी ओढ्यात वा विहिरीजवळ सोडणे घातक होय.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१. पाणी घेण्यापूर्वी त्याची व जमिनीची परीक्षा करून घ्यावी. पाण्याची विद्युत् वाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास क्षारांची चिंता सहसा नसते. ३ च्या वर असल्यास धोका मोठा असतो.

२. क्षार मुळातच कमी असतील, तर पहिल्या पटलाचे पाणी पुरेसे असते. दुसऱ्याचा खर्च करण्याचे कारण नाही.

३. दुसऱ्या पटलाच्या पाण्यात नत्र व स्फुरद फारसे उरत नाही. म्हणून खताची मात्रा कमी करू नये.

४. त्या पाण्यात चुना व मॅग्नेशियमही नाममात्र असते. अशा पाण्याने मातीचे कण विखुरून वर पापुद्रा धरतो व पाणी मुरत नाही. यास्तव ते दुसऱ्या चांगल्या पाण्यात मिसळून द्यावे किंवा माती परीक्षणानुसार जिप्सम वापरावे.

५. पाणी कितीही शुद्ध असले, तरी निचऱ्याचे चर बुजू देऊ नयेत.