देठाचे फूल आणि दोऱ्याचे फूल

पुष्परचनेचे पद्धतशीर शिक्षण घेण्यासाठी महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या हाती पहिल्या दिवशी फुलदाणी येईल असे वाटत असते. वस्तुतः त्याच्या हाती आधी यावयास हवी ती बादली, आणि तीही स्वतः घासून स्वच्छ केलेली. या क्षुल्लक वाटणाऱ्या कामामागील कारण समजले, की विषयाचा अर्धा भाग समजला असे म्हणावयास हरकत नाही.

झाडावरून तोडलेले फूल तोडताक्षणी मरत नाही. त्याचे श्वसन चालू राहते, साठवलेली साखर खर्च होत राहते, आणि पाकळ्यांतून पाण्याची वाफ निघून जात असते. मुळांकडून येणारा पुरवठा तेवढा बंद पडलेला असतो. देठात पाणी वर चढविणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असतात. देठ कापताच त्यांच्या तोंडात हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याचा ओघ तुटतो. शिवाय अस्वच्छ पाण्यातील जंतू कापलेल्या तोंडाशी साचून राहिलेली वाटही बुजवितात. पुढ्यात काठोकाठ पाणी असूनही गुलाब मान टाकतो तो यामुळे. म्हणून देठ तिरपा आणि शक्य तर पाण्याखालीच पुन्हा कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, पाण्यात थोडी साखर, थोडे आम्ल आणि किंचित जंतुनाशक मिसळावे, हे नियम आले. बादली घासण्याचा नियम त्यांतलाच.

तपमानाचे असेच आहे. थंडीत श्वसन मंदावते. म्हणून गुलाब आणि कार्नेशन २ ते ४ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. परंतु हाच न्याय सर्वांना लावणारा विद्यार्थी गोत्यात येतो. अँथुरियम आणि उष्ण प्रदेशातील बरीचशी ऑर्किडे १२-१३ अंशांखाली काळवंडतात. आणखी एक अदृश्य शत्रू म्हणजे इथिलीन हा वायू. पिकणाऱ्या फळांतून तो बाहेर पडतो आणि कार्नेशनसारखी फुले त्याच्या अल्पशा मात्रेनेही मिटून जातात. आंबे आणि फुले एकाच शीतगृहात ठेवू नयेत, हे सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण ध्यानात ठेवलेले बरे.

तोल, प्रमाण, लय, प्राधान्य, रंगसंगती ही रचनेची तत्त्वे अभ्यासक्रमात असतातच. त्यांचा ऊहापोह चित्रकलेच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडेल, म्हणून येथे त्यांवर थांबत नाही. हातात बांधावयाच्या गुच्छाचे तंत्र मात्र सांगण्याजोगे आहे. प्रत्येक देठ आधीच्या देठावर एकाच दिशेने तिरका ठेवीत जावे लागते. त्यामुळे मुठीखाली देठांचा पीळ तयार होतो, वर फुले आपोआप पसरतात, आणि एका ठिकाणी बांधलेला गुच्छ टेबलावर स्वतःच्या पायांवर उभा राहतो. विद्यार्थ्याची बोटे हा पीळ शिकण्यात कित्येक आठवडे घालवितात.

आतापर्यंत जे सांगितले ते सारे देठाच्या आधाराने उभे आहे. चेन्नईत शिकणारा विद्यार्थी वर्गाबाहेर पडून मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतालच्या माड रस्त्यांवर येतो, तेव्हा त्याच्या ध्यानात येते, की या शहरात सर्वांत अधिक हाताळल्या जाणाऱ्या फुलांना देठच नाही.

या फुलांची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून देण्याची गरज नाही. नावे तेवढी वेगळी आहेत. तमिळ लोक ज्याला गुंडुमल्ली म्हणतात तो आपला मोगरा. मुल्लै म्हणजे जुई, पिच्चि किंवा जातिमल्ली म्हणजे जाई, कनकांबरम् म्हणजे अबोली, अरळी म्हणजे कण्हेर, आणि मरिक्कोळुंदु म्हणजे दवणा. फुलांची नावे आणि त्यांचे भेद हा तमिळ संस्कृतीत फार जुना विषय आहे. संघम् काव्यातील प्रेमकवितेचे पाच प्रदेश वनस्पतींच्या नावांनी ओळखले जातात, आणि कपिलर या कवीच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यात ९९ फुलांची एक यादीच आली आहे. आधुनिक विद्यार्थ्याला वनस्पतींची शास्त्रीय नावे पाठ करताना कंटाळा येतो, त्याला हा दाखला द्यावा.

मोगऱ्याची कळी पहाटे, सूर्य वर येण्यापूर्वी खुडतात. ती पूर्ण वाढलेली, पांढरी पण मिटलेली असावी लागते. कोवळी खुडली तर ती उमलतच नाही. उशिरा खुडली तर बाजारात पोहोचेपर्यंत तिचे मोल संपते. दिवसभर ती मिटून राहते आणि संध्याकाळच्या सुमारास उमलू लागते. सुगंध पसरतो तोही उमलतानाच. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात. देठ नसल्यामुळे बादलीतले पाणी, साखर, आम्ल यांपैकी कशाचाही तिला उपयोग नाही. तिच्याजवळ स्वतःत साठविलेले पाणी आहे, ओल्या फडक्याचा किंवा केळीच्या पानाचा गारवा आहे, आणि मोजके तास आहेत. म्हणून या फुलाची रचना करणाराला रंग आणि आकार यांच्याआधी घड्याळाचा विचार करावा लागतो. चेन्नईतील विवाहाचा मुहूर्त पुष्कळदा भल्या सकाळी असतो आणि स्वागत समारंभ संध्याकाळी. संध्याकाळच्या समारंभासाठी त्याच पहाटेच्या कळ्या चालतात, आणि पाहुण्यांच्या देखत त्या उमलतात. सकाळच्या मुहूर्तासाठी आदल्या दिवशीच्या कळ्या रात्रभर गार ठेवून रोखून धराव्या लागतात. दोन हार दिसावयास एकसारखे. त्यांमागील गणित मात्र सर्वस्वी निराळे.

मुहूर्ताच्या हाराविषयी आणखी एक गोष्ट. तमिळ ब्राह्मणी विवाहात वधूवर एकमेकांना हार घालतात, तेव्हा मामा मंडळी त्यांना खांद्यावर उचलून घेतात आणि दुसऱ्या पक्षाला हुलकावण्या देतात. या गमतीत हाराला किती हिसके बसतात याची कल्पना करावी. वजन, दोऱ्याची ताकद आणि मानेवर बसणारा भाग यांचा विचार न करता काढलेला सुंदर आराखडा अशा वेळी भर मंडपात तुटून पडतो.

ही फुले शहरात येतात कोठून? १९९६ सालापासून त्यांचे मोठे केंद्र कोयंबेडू येथे आहे. त्यापूर्वी ते जुन्या मद्रासेत, पॅरीज कॉर्नरच्या परिसरात, पूक्कडै म्हणजे फुलांची दुकाने या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात होते. तेथील पोलीस ठाण्याच्या नावात फुलबाजार अजून टिकून आहे. होसूरचा गुलाब, निलगिरीच्या थंड हवेतील कार्नेशन आणि जवळच्या तिरुवळ्ळूर, कांचीपुरम् भागातील मोगरा यांची गाठ कोयंबेडूत पडते. दादरचा किंवा पुण्याच्या मार्केट यार्डाचा फुलबाजार पहाटे पाहिलेल्या वाचकाला तेथील गडबड अपरिचित वाटणार नाही. विद्यार्थ्याने मात्र तेथे भाव पाहावेत. मोगऱ्याला ऊब हवी असते. थंडीच्या महिन्यांत कळ्या फार कमी येतात आणि नेमका तेव्हाच पोंगलचा सण येतो. मार्च ते जून या बहराच्या काळात स्वस्त असलेला मोगरा त्या दिवसांत किलोला हजारो रुपयांवर जातो. वर्षभर एकच दरपत्रक छापून ठेवणारा पुष्परचनाकार त्या महिन्यात बुडालाच म्हणून समजावे.

बाजारातून घाऊक घेतलेल्या कळ्या शहरभर बायकांच्या हाती जातात. डाव्या हाताच्या बोटांवर दोऱ्याच्या एका बाजूस एक जोडी, विरुद्ध बाजूस दुसरी जोडी. उजव्या हाताने दोऱ्याचा फास देठाच्या त्या इवल्याशा टोकांवरून ओढायचा, की गाठ बसली. दोरा सुती तरी असतो किंवा केळीच्या सोपटाचा. फास सैल राहिला तर कळी गळते, अधिक आवळला तर मान कापली जाते. वर सांगितलेल्या गुच्छाच्या पिळाइतकेच हे अवघड तंत्र आहे, आणि ज्या वेगाने हे हात चालतात तो पाहता कदाचित अधिकच. विकताना माप मुळम्, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. हात अर्थातच विकणारीचा! पण अनुभवी गिऱ्हाईक हाताच्या लांबीपेक्षा वीण पाहते. दाट विणीच्या हातभर गजऱ्यात जितक्या कळ्या बसतात, तितक्या विरळ विणीत बसत नाहीत. फुले महागली, की हात तेवढाच राहतो आणि वीण विरळ होते.

हे ज्ञान महाविद्यालयात कितपत शिकविले जाते? तमिळनाडूतील शेतीशिक्षणाचा आरंभ याच शहरातील सैदापेट येथे १८६८ साली झाला. ती शाळा १९०६ मध्ये कोईमतूरला गेली आणि १९७१ मध्ये तेथे तमिळनाडू कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने जाई-जुईचे सुधारित वाण दिले आहेत आणि तेथे पुष्पशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही मिळते. देशातील अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमात फुलांचे मूल्यवर्धन हा एक विषय असतो आणि त्यात हार, गुच्छ, वाळविलेली फुले यांचा अंतर्भाव होतो. परंतु एकंदर भर लागवडीवर आहे, आणि तो स्वाभाविक आहे. दुसरीकडे, शहरांत चालणारे पुष्परचनेचे लहान वर्ग फुलदाणी, गुच्छ आणि मंचाची सजावट शिकवितात. शेत आणि मंच यांच्या मधे बसून हार बांधणारी बाई दोन्हींतून सुटते. तिला कामाच्या मापावर मजुरी मिळते. आराखडा काढणाराला त्याचे नाव मिळते. जर्मनीमध्ये पुष्पकार हा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. त्यासाठी दुकानात उमेदवारी आणि व्यवसायशाळेत शिक्षण असा तीन वर्षांचा क्रम असतो, शेवटी परीक्षा असते आणि पुढे मास्टरची पदवीही मिळविता येते. आपल्याकडे हाताचे काम जाणणारांची संख्या कितीतरी मोठी असूनही त्यांच्या कौशल्याला प्रमाणपत्राची वाट नाही असे नव्हे, पण ती फार अरुंद आहे. हारवालीलाच अध्यापक म्हणून वर्गात बोलवावे, तिला व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे, ही सूचना कोणा प्राचार्यांना विचित्र वाटेल. प्रस्तुत लेखकाला ती अगदी साधी वाटते.

कायद्याने या बाबतीत शिक्षणसंस्थांपेक्षा पुढचे पाऊल टाकलेले दिसते. मदुरैच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले, ते फुलाचे होते. २०२५ मध्ये मिळालेले चिन्हांकन मात्र रचनेचे आहे. कन्याकुमारी जिल्ह्यातील तोवाळै या गावच्या माणिक्क मालेला ते मिळाले. पांढरी व तांबडी कण्हेर आणि निर्गुडीची पाने दुमडून ही माला अशी विणतात, की चपट्या पट्टीवर माणके जडविल्याचा भास व्हावा. विद्यार्थ्याला भूमिती शिकण्यासाठी याहून चांगला नमुना मिळणे कठीण. (कण्हेर विषारी आहे, उरलेला पाचोळा गुरांच्या वाटेत टाकू नये, हेही त्याच तासाला सांगून टाकावे.)

दोऱ्याच्या फुलाकडून देठाच्या फुलाने घेण्याजोगा एक धडा सध्या विशेष निकडीचा झाला आहे. गेल्या शतकाच्या मध्यापासून फुले खोचण्यासाठी हिरव्या रंगाचा, पाणी शोषणारा कृत्रिम स्पंज जगभर वापरला जातो. तो सोयीचा खरा. पण तो कुजत नाही, त्याचा चुरा होऊन बारीक कण पाण्यात आणि मातीत जातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे, तरी विवाहमंडपांच्या मागील उकिरड्यावर हे हिरवे तुकडे दिसतातच. तारेची जाळी, काटेरी तबक, केळीचा खुंट असे पर्याय उपलब्ध आहेत. केळीच्या सोपटाने बांधलेला हार निर्माल्य झाल्यावर दोऱ्यासकट मातीत जातो.

या प्रकरणाचा अभ्यास म्हणून विद्यार्थ्याने पुढील प्रयोग करावा. पहाटे बाजारातून एकाच ढिगातील मोगऱ्याच्या कळ्या घेऊन त्यांचे सारख्या वजनाचे तीन भाग करावेत. एक उघड्या परडीत, एक ओल्या फडक्यात, एक केळीच्या पानात बांधून सावलीत ठेवावा. दर दोन तासांनी प्रत्येक भागाचे वजन करावे, किती कळ्या उमलल्या व किती तपकिरी पडल्या ते मोजावे. खोलीचे तपमानही लिहावे. त्याआधी, सकाळी सहाच्या सुमारास, जवळच्या कोपऱ्यावर फुले बांधणाऱ्या बाईला त्यातील मूठभर कळ्या दाखवाव्यात आणि त्या केव्हा उमलतील ते विचारावे. तिने सांगितलेली वेळ नोंदवहीत पहिल्या रकान्यात शाईने लिहावी, आणि प्रत्यक्ष आढळलेल्या वेळेसाठी शेजारचा रकाना संध्याकाळपर्यंत मोकळा ठेवावा.